वर यायच्या पायऱ्या

तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या मुलाने उत्तर द्यायच्या आधी दोन बोटं कपाळावर नेली आणि तिथे नसलेलं काहीतरी नीट बसवलं, तेव्हा नमिता आरोसकरचं पेन कागदावरच थांबलं.

मुलगा नगरकडचा, जाड चष्म्याचा, तसा बुजरा. प्रश्न साधाच होता, पुलाचा खांब गाळात किती खोल न्यायचा एवढाच. पण त्याने बोटं कपाळावर नेली, मान जराशी उचलली आणि असा बोलायला लागला की जणू समोर दरबार भरलाय. उत्तर फक्कड दिलं. नमिताने गुण मांडले आणि पुढचीला बोलावलं. पुढची बसली आणि तिनेही तेच केलं. तिच्यानंतरच्यानेही.

ती लकब नमिताच्या वडिलांची होती. भिकाजी आरोसकर म्हणजे दशावतारातले राजपार्टी, राजाचं काम करणारे नट. सिंधुदुर्गातल्या जत्रांमधून त्या माणसाने पुठ्ठ्याचा मुकुट घालून उभा जन्म राज्य केलं. पुठ्ठ्याचा मुकुट तो, घामाने सरकायचा. म्हणून भाषणाआधी दोन बोटांनी सारखा करायचा. पुढे पुढे घरात भाजीला मीठ कमी आहे एवढं सांगायच्या आधीसुद्धा त्यांची बोटं कपाळावर जायची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि आता ते वर्गात बसले होते. एकदम सगळ्या बाकांवर.

आता हे भूताखेताचं प्रकरण नव्हे. नमिता सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवायची, तिला त्याचं कारण पक्कं ठाऊक होतं. त्या कारणावर तिने स्वतः सही केली होती.

झालं होतं असं, की इंजिनिअरला करायचं काम फारसं उरलं नव्हतं. आकडेमोड यंत्र करी, आराखडा यंत्र काढी, चुकाही तेच शोधी. कंपन्या म्हणत, आम्हाला अशी मुलं द्या की ज्यांना न विचारलेलं सुचतं. तशी मुलं आणायची कुठून? कॉलेजांनी मग कलेचा तास सुरू केला. गाण्याचे मास्तर आणले, मातीकाम आणलं, नाटकाची शिबिरं भरवली. मुलं हजेरी लावत आणि मागच्या बाकावर फोन चाळत बसत. मातीचे हत्ती मात्र भरपूर झाले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये अजून ओळीने उभे आहेत.

तेव्हा डॉ. शर्वरी टिपणीस यांनी पट्टी आणली. बाई मेंदूच्या अभ्यासक, बोलायला गोड आणि कामाला वाघ. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आपल्या कपाळामागे मेंदूचा एक भाग पहारेकऱ्यासारखा बसलेला असतो. कुठलाही विचार आला की तो अडवतो, ओळखपत्र मागतो. कलावंत ऐन वेळी काही नवं रचतो तेव्हा हा पहारेकरी बाजूला होतो आणि मेंदूतले एरवी एकमेकांशी न बोलणारे कोपरे एकदम बोलायला लागतात. ते कुठल्या क्रमाने, कुठल्या लयीत बोलतात, हे ज्याचं त्याचं असतं, माणसाच्या चालीसारखं. हा क्रम टिपायचा, त्याचा ठसा बनवायचा. मग मुलगा चित्र काढत असताना त्याच्या कपाळावर पट्टी बांधायची आणि अगदी हलक्या चुंबकी ठोक्यांनी तीच लय त्याच्या मेंदूला लावायची. रोज अर्धा तास. तबल्याच्या शिकाऊ मुलाचा हात गुरुजी धरून वाजवून घेतात, तसंच.

"आठवणी जात नाहीत," टिपणीसबाई सगळ्यांना समजावून सांगत. "शब्द जात नाहीत, चेहरे जात नाहीत. एका विचारावरून दुसऱ्यावर उडी कुठून मारायची, ती सवय तेवढी जाते."

ठशासाठी त्यांना असा माणूस हवा होता की जो रोज नवं रचतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नट रंगायला बसतात तेव्हा मुख्य नट त्यांना त्या दिवशीची कथा तोंडी सांगतो, कोण कुणाला कुठे भेटणार ते सांगतो. बास. मग रंगमंचावर ज्याने त्याने आपले संवाद आपण बोलायचे. कुणी चुकलं तर दुसऱ्याने सावरायचं. बाईंना याहून चांगलं काय मिळणार? त्यांनी भिकाजींना मेंदूची लय टिपणारा तारांचा टोप घालून खुर्चीवर बसवलं आणि महिनाभर बोलायला लावलं. भिकाजी वैतागून घरी आले होते. फोनवर लेकीला म्हणाले होते, "अगो, ती कथाच सांगणत नाय. नुसता म्हणतत, सुरू करा. कथा सांगल्याशिवाय माणूस बोलतलो काय?"

नमिताने तेव्हा हं म्हणून फोन ठेवला होता. बापलेकीत तेवढंच बोलणं असे. वडील गेल्यावर तो ठसा तिच्याच कॉलेजातल्या मुलांना लावायला वारस म्हणून तिची संमती लागली, तेव्हाही तिने सही करून टाकली. घरातली जुनी सायकल कुणी मागावी आणि देऊन टाकावी, तितक्याच सहज.

तिचा राग काय होता ते सांगायला हवं. तिला एक धाकटा भाऊ होता, दिगू. वेळशी नावाचं त्यांचं गाव खाडीच्या अलीकडे, आणि पलीकडच्या गावची जत्रा. भिकाजी होडीने निघाले, दिगू मागे लागला, मलाही यायचंय म्हणून. भिकाजींनी नको म्हटलं. रंगायच्या आधी गणपतीची पूजा असते, तिला उशीर नको, म्हणून मागे न बघता होडीत बसले. होडी लांब गेल्यावर दिगू दगडी धक्क्यावरून धावत गेला आणि टोकावरून खाली पडला. धक्का उंच, भिंत सरळ, दगडांना शेवाळ. वर यायला काहीच नव्हतं. पलीकडे निरोप गेला. आणि तरी त्या रात्री जत्रेत नाटक झालं. लहानगी नमिता धक्क्यावर आईच्या पदराला धरून उभी होती आणि खाडीपलीकडून मृदंग ऐकू येत होता. मग वडिलांचा आवाज आला, राजाचा, खणखणीत. शब्द कळले नाहीत, आवाज मात्र ओळखला. मुलगा पाण्यात आणि हा माणूस राजा झालाय. ते तिने आयुष्यभर पोटात ठेवलं. वडिलांचं नाटक पुन्हा कधी पाहिलं नाही.

म्हणून ती लकब वर्गात दिसली तेव्हा तिला आधी संताप आला. पण खरं सांगायचं तर, दुसऱ्या दिवशी तिने गरज नसताना चार मुलांना पुन्हा तोंडी परीक्षेला बोलावलं. नुसतं बघायला.

मग तिला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. पट्टीच्या वर्गातली मुलं चालताना मागे वळून बघत. व्हरांड्यात, जिन्यात, कॅंटीनच्या वाटेवर. चार पावलं टाकायची आणि मान वळवायची, मागे कुणी राहिलं तर नाही ना. दिगू गेल्यापासून भिकाजी तसेच चालत. बाजारात गेले तरी तसेच. लोक हसत, राजाला शत्रूची भीती म्हणत. नमिताला ते ढोंग वाटे.

"सवयीचं उष्टं आहे हे," टिपणीसबाई फोनवर म्हणाल्या. "ठशाबरोबर थोडं येतंच. निकाल बघा ना तुम्ही. असल्या कल्पना तुमच्या कॉलेजात कधी निघाल्या होत्या?"

निकाल खरंच दृष्ट लागण्यासारखे होते. नमिताने अंतिम वर्षाला साकवाचं काम दिलं होतं. साकव म्हणजे पायी जाणाऱ्यांसाठीचा छोटा पूल. खाडी वेळशीचीच होती, पण ते मुलांना सांगितलं नव्हतं, रुंदी आणि पाण्याची पातळी तेवढी दिली होती. एकाने बांबूचा काढला, एकीने वापरून टाकलेल्या पवनचक्कीच्या पात्यांचा काढला, एकाने तर पाण्याबरोबर वरखाली होणारा काढला. एकासारखा दुसरा नाही. नमिताने सगळे आराखडे प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर मांडले, चहाचा कप हातात घेतला आणि एका टोकाने बघत निघाली. अर्ध्या वाटेवर तिने कप खाली ठेवला.

प्रत्येक साकवाला मधोमध पायऱ्या होत्या. खाली पाण्यात जाणाऱ्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या. होडी लागायची नव्हती, मासेमारी नव्हती, कपडे धुवायचे नव्हते. पण बांबूच्या साकवाला बांबूच्या पायऱ्या होत्या आणि लोखंडाच्या साकवाला लोखंडाच्या.

तिने त्या मुलांना विचारलं. सगळ्यांनी बोटं कपाळावर नेली आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. "असाव्यात असं वाटलं, मॅडम."

रविवारी ती वेळशीला गेली. वडिलांच्या कंपनीतले मृदंग वाजवणारे बाबलकाका अजून होते, ओट्यावर ऊन खात बसलेले. नजर मंद झाली होती, पण आवाजावरून ओळखलं.

"नमू काय गो? ये, बस. वाट चुकलंस?"

तिने चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलून घेतलं. मग विचारलं, "काका, दिगू गेला त्या रात्री बाबांनी नाटक कसं काय केलं?"

म्हाताऱ्याने तिच्या आवाजाकडे मान वळवली. "तुका कोणी सांगूकच नाय?"

"काय सांगायचं?"

"सुकती लागलेली. पाणी पार आटला होता, होडी चिखलात बसलेली. तो म्हणालो, चलत जातंय. खाडीच्या चिखलात चलत! आमी चौघांनी धरून ठेवलो, नायतर तोय गेलो असतो. मगे गप बसलो. खूप वेळ. मगे उठून आपल्या हातान तोंडाक रंग लावल्यान. आमी नको म्हटला. तर म्हणालो, भरती येयसर मी हयसर बसान काय करू?"

बाबलकाकांनी पंच्याने डोळे पुसले. "कथा भलतीच होती. लढायेची. मधीच राजा प्रधानाक म्हणालो," आणि म्हाताऱ्याने पाठ ताठ करून राजाची भाषा धरली, "प्रधानजी, आमच्या राज्यात जिथे जिथे पाणी आहे, तिथे तिथे पायऱ्या बांधा. उतरायला नव्हे. वर यायला."

नमिताला प्रयोगशाळेतलं ते लांब टेबल आठवलं.

"प्रधान बिचारो गोंधळलो. पाण्याचो काय्येक संबंध नव्हतो. पण सावरून घेतल्यान, आज्ञा महाराज म्हणालो. त्या दिसापासून दर नाटकात भिकाजी ता वाक्य खंय ना खंय घाली. लोकांक वाटायचा राजाची लकब. तू कधी इलंच नाय बघूक."

परतीच्या वाटेवर तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ती पोटभर रडली. ज्या आवाजाचा तिने इतकी वर्षं द्वेष केला, त्या आवाजात तिचा बाप मुलासाठी पायऱ्या मागत होता. तिच्यापर्यंत फक्त आवाज पोचला होता.

आता माणसाने काय करावं? शहाण्या माणसाने लगेच टिपणीसबाईंना सगळं सांगितलं असतं. नमिताने सांगितलं नाही. ती वर्गात जायची, मुलं बोटं कपाळावर न्यायची, मागे वळून बघायची, आणि तिला वाटायचं, बाबा इथेच आहेत, थोडे दिवस राहू देत. ती वर्गात मागे उभी राहू लागली, म्हणजे वळलेले चेहरे तिला दिसत. त्यांना मागे कुणीतरी सापडावं, असंही तिला वाटे. दिवस असे गेले आणि अन्विताकडे तिचं लक्ष उशिरा गेलं.

अन्विता भोकरदनची, वर्गातली सगळ्यांत हुशार. म्हणूनच तिला पट्टी जास्त वेळ बांधत. तिची मैत्रीण एकदा घाबरत नमिताकडे आली. "मॅडम, ती खोलीतून बाहेर पडत नाही. मी मागे राहिले तर पडत नाही. कुणीही मागे राहिलं तर पडत नाही. काल मेस रिकामी होईपर्यंत दाराशी उभी होती, तास बुडाला तरी. अंघोळीला बादलीत पाणी भरायला लागलं की थरथरते."

नमिता हॉस्टेलवर गेली. अन्विता पलंगाच्या कडेला बसली होती, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"काय होतंय, बाळा?"

बोटं कपाळावर गेली. "मॅडम, माझ्याकडनं कुणीतरी मागं राहिलंय. कोण ते कळत नाही. मी घरी फोन करून सगळ्यांची चौकशी केली, सगळे आहेत. तरी वाटतं, माझ्यामुळं कुणीतरी बुडतंय. आमच्याकडं तर पाणी टँकरनं येतं, मॅडम. बुडायला कुठंय पाणी?"

नमिताला स्वतःची लाज वाटली. एका बापाचं दुःख तिने परक्या पोरीच्या गळ्यात बांधून ठेवलं होतं, आणि तेही त्याची गोष्ट न सांगता. नुसतं सुरू करा म्हणून.

त्याच दुपारी तिने टिपणीसबाईंना गाठलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पट्टीचे आलेख पुन्हापुन्हा पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "भीती वेगळी काढता येणार नाही. त्यांची उडी जिथून निघते, तिथेच ती भीती आहे. एकच वाट आहे दोन्हींची. काढायचं तर सगळंच काढावं लागेल. मुलांवरचा परिणाम चारसहा आठवड्यांत ओसरेल. पण मूळ ठसा पुसला की तुमच्या वडिलांचं काही उरणार नाही. पुढच्या वर्षी बारा कॉलेजांत जाणार होता तो." मग हळू म्हणाल्या, "वारस म्हणून हक्क तुमचा आहे. घाई नाही."

"घाई आहे," नमिता म्हणाली. आणि तिने संमती मागे घेतली.

ठसा पुसायला किती वेळ लागतो? खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती एकदाची सुरू झाली तोवर इकडे पुसून झालं होतं. नमिताला वाटलं होतं काहीतरी दिसेल, पडदा काळा होईल वगैरे. काही झालं नाही. ती तास घ्यायला गेली.

मुलं हळूहळू आपापली झाली. नगरचा मुलगा पुन्हा चाचरत उत्तरं द्यायला लागला. व्हरांड्यातल्या माना सरळ झाल्या. नमिता अजून वर्गाच्या मागे उभी राही, पण आता कुणी वळत नसे. त्या आठवड्यांत तिला वडील खरोखरचे गेल्यासारखे वाटले. वर्षभरापूर्वी तिने सुतक सुद्धा नीट पाळलं नव्हतं.

एका दुपारी अन्विता केबिनच्या दारात आली. गाल भरले होते, हातात साकवाचा आराखडा होता.

"मॅडम, अंतिम सबमिशन आहे. बाकी सगळं जमलंय. पण ह्या पायऱ्या मी कशाला काढल्या होत्या तेच कळत नाही. कारण विचारलं तर काय सांगू? खोडून टाकू का?"

मुलगी खोडरबर घेऊनच आली होती. नमिताने त्याच्याकडे बघितलं. खोडून टाक म्हणणं अगदी सोपं होतं, नियमाला धरूनही होतं.

"बस," ती म्हणाली. "आधी कथा ऐक. मग काय करायचं ते तुझं तू ठरव."

आणि तिने सांगितली. खाडी, होडी, मागे लागलेला मुलगा. पूजेची घाई. उंच धक्का, सरळ भिंत, शेवाळ. पलीकडचा मृदंग. चिखलात निघालेला आणि धरून ठेवलेला बाप. प्रधानजी, पायऱ्या बांधा. हे तिने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मधेमधे अडखळली, पुढचं आधी बोलली, मागे जाऊन दुरुस्त केलं. संपल्यावर अन्विताने आराखडा पुढे ओढला.

"मॅडम, एक विचारू? तो पडला तेव्हा ओहोटी होती?"

"लागली होती. पाणी बरंच खाली गेलं होतं."

"मग ह्या पायऱ्यांचा त्याला काही उपयोग झाला नसता." अन्विताने कागदावर बोट ठेवलं. "ह्या बघा, इथं संपतात. तुम्ही भरतीचीच पातळी दिली होती, आम्ही सगळ्यांनी तिथवरच काढल्या. ओहोटीला पाणी खाली जाणार, पायऱ्या वर लटकत राहणार. लहान मुलाचा हात पोचणार नाही."

नमिताने शेवटच्या पायरीवरून बोट फिरवलं. पुलाचं गणित भरतीवर मांडतात, ती वर्षानुवर्षं तेच शिकवत आली होती. सगळ्या वर्गाच्या आराखड्यांत तिच्या बापाने मागितलेल्या पायऱ्या होत्या, आणि त्यातली एकही दिगूपर्यंत पोचत नव्हती. तिला स्वतःला ते दिसलं नव्हतं.

अन्विताने खोडरबर बाजूला सारलं आणि पेन्सिल उचलली. हात कपाळाकडे गेला नाही. शेवटच्या पायरीखाली तिने आणखी एक काढली, मग आणखी एक. कडेला एक साखळी काढली. थांबली, विचार केला आणि तिच्याखाली दुसरी काढली, बुटकी.

"ही लहान्यांसाठी," ती स्वतःशीच म्हणाली. मग वर बघितलं. "पुरे ना, मॅडम? किती खाली जातं पाणी?"

"अजून खाली," नमिता म्हणाली. तिने खुर्ची अन्विताशेजारी ओढली. "काढ तू. मी सांगते कुठपर्यंत."